तापाआधीचा इतिहास



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ आपण इथं जमतो, त्यांचे जुने केसपेपर त्यांच्या घरच्यांनी मला पाहू दिले. तापाचा रुग्ण आला की आजची तक्रार लिहिण्याआधी ते कागदाच्या डोक्याशी एक ओळ लिहीत : लहानपणी गोवर आला होता का, कावीळ कधी झाली, यापूर्वी असा ताप आला होता का. आज आपण बोटभर रक्तात पंचवीस गोष्टी मोजतो आणि ही ओळ लिहायची राहून जाते. माझं आजचं सगळं बोलणं त्या एका ओळीविषयी आहे.

एकाच घरात एकच विषाणू शिरतो. एकाला त्याचा पत्ताही लागत नाही, दुसऱ्याला दोन दिवस कणकण येते, तिसरा आठवडाभर अंथरूण धरतो आणि चौथ्याला अतिदक्षता विभागात हलवावं लागतं. असं का होतं, याचं एक तयार उत्तर आपल्या समाजात रुळलं आहे : ‘त्याची प्रतिकारशक्ती कमी होती.’ २०२० आणि २०२१ मध्ये या उत्तरावर मोठा बाजार उभा राहिला. काढे, गोळ्या, चूर्णं, पेयं, सगळ्यांवर ‘इम्युनिटी’ छापलेलं. बाजाराचं सोडा. या उत्तरानं जे दुःख दिलं, त्याबद्दल मला बोलायचं आहे. तरुण नवरा गमावलेल्या बायका मला विचारत, ‘डॉक्टर, त्यांचं खाण्यापिण्याकडं लक्ष नव्हतं, म्हणून झालं का हो? मी आधीच काही द्यायला हवं होतं का?’ मेलेल्या माणसावर आणि त्याच्या घरच्यांवर हा ठपका ठेवण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? मधुमेह, कुपोषण, वाढतं वय यांचा आजारावर परिणाम होतो, हे खरंच आहे. पण विषाणूशी सामना करण्याची शरीराची ताकद तराजूत तोलावी अशी एकच वस्तू नाही. प्रत्येक शरीराचा स्वतःचा इतिहास असतो आणि तापात तो इतिहास बोलतो.

सुरुवात जुन्या, स्वच्छ उदाहरणानं करू. १८४६ साली उत्तर अटलांटिक महासागरातल्या फॅरो बेटांवर गोवराची साथ आली. डेन्मार्कच्या सरकारनं पीटर पानुम या पंचविशीतल्या डॉक्टरला तिकडं धाडलं. बेटांवर ७,७८२ माणसं राहत होती. काही महिन्यांत त्यांतल्या सुमारे सहा हजारांना गोवर झाला. लहान मुलांबरोबर बापे, बाया, म्हातारी माणसंही पुरळानं भरली. पानुम गावोगाव फिरला, घराघरात चौकशी करत गेला, तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की काही वृद्ध मंडळी गोवराच्या घरात वावरूनही ठणठणीत आहेत. बेटांवर याआधीचा गोवर १७८१ साली येऊन गेला होता. तेव्हा ज्यांना तो झाला होता, त्यांच्यापैकी एकालाही पासष्ट वर्षांनंतर पुन्हा झाला नाही. त्याच वयाच्या, पण १७८१ मध्ये वाचलेल्या म्हाताऱ्यांना मात्र झाला. विषाणू ही चीज काय असते, हे तेव्हा जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी पासष्ट वर्षं टिकणारी शरीराची आठवण पानुमनं केवळ विचारपूस करून पकडली. वैद्यकातलं इतकं देखणं काम मी फार थोडं पाहिलं आहे.

आता २००९ चा ऑगस्ट आठवा. देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला, आणि तो एका शाळकरी मुलीचा होता. शाळा बंद झाल्या, चित्रपटगृहं बंद झाली, नायडू रुग्णालयाबाहेर तोंडाला रुमाल बांधलेल्या लोकांच्या रांगा लागल्या. फ्लू म्हटलं की एरवी आपल्याला घरातल्या आजी-आजोबांची चिंता वाटते. या फ्लूनं जगभर मुलांना आणि तरुणांना जास्त गाठलं. वृद्धांना त्याची लागण तुलनेनं कमी झाली, अर्थात ज्यांना झाली त्यांना ती जड गेली. याचं कारण त्यांच्या बालपणात होतं. १९१८ च्या फ्लूच्या महासाथीतल्या विषाणूचे वंशज १९५७ पर्यंत जगात फिरत होते. त्या काळात वाढलेल्या माणसांच्या शरीरानं त्या घराण्याचा चेहरा लहानपणीच पाहून ठेवला होता. २००९ चा विषाणू त्याच घराण्याच्या जवळचा निघाला.

फ्लूची पहिली ओळख किती खोल उतरते, हे अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवलं. बर्ड फ्लूच्या दोन प्रकारांचे जगभरातले रुग्ण त्यांनी जन्मवर्षानुसार मांडले. एच५एन१ नं तरुणांना जास्त ग्रासलं होतं, एच७एन९ नं वयस्कांना. दोन्ही मांडण्यांत १९६८ या सालाशी रेघ पडत होती, कारण त्या वर्षी फ्लूचं एक घराणं जाऊन दुसरं आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा ज्या घराण्याचा फ्लू झाला, त्याच्या भाऊबंदांपासून माणसाला पुढं आयुष्यभर काही प्रमाणात संरक्षण मिळत राहिलं. म्हणजे कुणाचा जन्म कोणत्या साली झाला, ही गोष्ट त्याच्या नशिबात भर घालते, आणि ती कुठल्याही काढ्यानं बदलत नाही.

इथपर्यंत सगळं सरळ आहे. शरीराला आठवण असेल तर बरं, नसेल तर धोका. डेंग्यूनं हा सरळपणा मोडला, म्हणून डेंग्यूपाशी मी जरा थांबणार आहे.

डेंग्यूचा विषाणू चार प्रकारचा असतो. एकदा एका प्रकारचा डेंग्यू झाला की त्या प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळतं. इतर तिघांपासूनही मिळतं, पण थोडा काळ. पुढं काही वर्षांनी दुसऱ्या प्रकारचा डेंग्यू झाला, तर तो पहिल्यापेक्षा गंभीर होण्याची शक्यता वाढते. स्कॉट हाल्स्टेड या अमेरिकी डॉक्टरला १९६० च्या दशकात बँकॉकच्या मुलांमध्ये हे दिसलं. त्याहून विचित्र गोष्ट अशी, की एक वर्षाच्या आतली काही बाळं पहिल्याच डेंग्यूत अत्यवस्थ होत होती. त्यांच्या आयांना पूर्वी डेंग्यू होऊन गेला होता. आईची प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, नाळेतून बाळाला मिळाली होती. पहिले काही महिने त्यांनी बाळाला सांभाळलं. ती विरळ होऊ लागली, तेव्हा त्यांनीच घात केला.

हे कसं घडतं? प्रतिपिंड भरपूर आणि नेमकं असेल तर विषाणूला चहूबाजूंनी झाकून निकामी करतं. ते अपुरं असेल, किंवा दुसऱ्या प्रकारासाठी बनलेलं असेल, तर विषाणूला धरतं पण मारत नाही. आपल्या काही पांढऱ्या पेशी प्रतिपिंडाची शेपटी ओळखून त्याला आत ओढून घेतात आणि डेंग्यूच्या विषाणूला तर नेमकं याच पेशींमध्ये वाढायचं असतं. दारावरच्या पहारेकऱ्यानं चोराचा हात धरून त्याला थेट माजघरात आणून सोडावं, तसा हा प्रकार.

प्रयोगशाळेतली ही कल्पना माणसांत खरी ठरते का, याचं उत्तर क्यूबा या बेटाच्या देशानं दिलं. तिथं १९७७ साली डेंग्यूच्या पहिल्या प्रकाराची साथ आली. आजार सौम्य होता, पण देशातल्या खूप लोकांना तो होऊन गेला. १९८१ मध्ये दुसरा प्रकार आला. ३,४४,२०३ रुग्ण नोंदले गेले, १५८ माणसं दगावली, त्यांतली १०१ मुलं होती. पहिल्या साथीनंतर जन्मलेली अगदी लहान मुलं मात्र गंभीर आजारातून बहुतांशी सुटली, कारण त्यांच्या रक्तात जुनी आठवणच नव्हती. मग क्यूबानं डास इतक्या नेटानं आटोक्यात आणले की बरीच वर्षं डेंग्यू जवळपास नाहीसा झाला. १९९७ मध्ये सांतियागो दे क्यूबा शहरात दुसऱ्या प्रकारानं पुन्हा तोंड वर काढलं. या वेळी गंभीर रुग्ण जवळजवळ सगळे प्रौढ होते. १९७७ ची साथ ज्यांच्या अंगावरून गेली होती, ते. त्या साथीनंतर जन्मलेल्या पिढीत गंभीर आजार जवळजवळ दिसला नाही. मारिया ग्वादालूपे गुझमान आणि हवानातल्या पेद्रो कौरी संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी हे चिकाटीनं नोंदवून ठेवलं नसतं, तर वीस वर्षांपूर्वीच्या सौम्य तापाचा आजच्या मृत्यूशी संबंध कुणी जोडला असता?

निकाराग्वाच्या मनाग्वा शहरात २००४ पासून हजारो मुलांचं रक्त वर्षानुवर्षं तपासलं जात आहे. त्या नमुन्यांवरचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या मुलांकडं डेंग्यूची प्रतिपिंडं मुळीच नव्हती, त्यांना गंभीर आजाराचा धोका कमी होता. ज्यांच्याकडं ती मुबलक होती, त्यांनाही कमी होता. मधल्या एका अरुंद पट्ट्यात मात्र धोका सात पटींच्या पुढं गेला. ‘प्रतिकारशक्ती जास्त तितकं चांगलं’ असं म्हणणाऱ्यांनी या अभ्यासाचा आलेख एकदा पाहावा.

ही सगळी चर्चा कागदावरची वाटू नये, म्हणून तुम्हाला पावसाळ्यातल्या वॉर्डात नेतो. शेजारशेजारच्या दोन खाटांवर डेंग्यूचे दोन तरुण. दोघांचा पाचवा दिवस, दोघांचा ताप सकाळी उतरलेला. नातेवाइकांचे चेहरे खुललेले. त्यांचा एकच प्रश्न असतो, ‘प्लेटलेट्स किती आल्या?’ कुणी किवी आणलेली असते, कुणी बाटलीतून पपईच्या पानांचा रस. मी खाटेच्या पायथ्याशी अडकवलेला तक्ता पाहतो. पहिल्याचा हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण, सकाळी ४०, दुपारी ४०, रात्री ३९. तो जेवतोय, लघवी नीट होतेय. उद्या घरी जाईल. दुसऱ्याचा सकाळी ४०, दुपारी ४४, रात्री ४८. म्हणजे रक्त दाट होत चाललं आहे, रक्तवाहिन्यांच्या भिंतींतून द्रव बाहेर झिरपतो आहे. रक्तदाब १०० वर ८०. वरचा आकडा पाहून घरचे म्हणतात, ‘शंभर आहे, ठीक आहे ना?’ दोन आकड्यांमधलं अंतर वीसवर आलंय, हात गार पडलेत, पोटात दुखतंय, दुपारपासून लघवी नाही. पुढचे चोवीस तास सलाईनचा थेंबन् थेंब मोजून द्यायचा आहे; कमी पडलं तर शॉक, जास्त झालं तर छातीत पाणी.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तक्त्यावर लिहिलेली नसते. याच दिवशी दोघांच्याही रक्तातला विषाणू ओसरत असतो. विषाणू कमी होतो आहे आणि माणूस बिघडतो आहे! विषाणूच्या एका प्रथिनानंही रक्तवाहिन्या कमकुवत होतात, पण आता होणारं बरंचसं नुकसान शरीराच्या स्वतःच्या उठावातून आलेलं असतं. पहिल्या तरुणाला हा पहिलाच डेंग्यू असेल आणि दुसऱ्याला दुसरा. दुसऱ्याला विचारलं तर म्हणेल, ‘मला पूर्वी कधी डेंग्यू झाला नाही.’ तो खोटं बोलत नाही. बहुतेकांना पहिला डेंग्यू कळतच नाही. २०१७-१८ मध्ये देशभर केलेल्या रक्तचाचणी सर्वेक्षणात पाच ते पंचेचाळीस वर्षं वयाच्या ४८.७ टक्के लोकांत जुन्या डेंग्यूच्या खुणा सापडल्या. त्या वयाच्या निम्म्या देशाच्या रक्तात ही आठवण आहे आणि त्यांतल्या बहुतेकांना तिचा पत्ता नाही.

आठवण पुसलीही जाते. गोवराचा विषाणू आठवण सांभाळणाऱ्या पेशींवरच हल्ला करतो. नेदरलँड्समध्ये २०१३ च्या साथीत लस न घेतलेल्या ७७ मुलांचं गोवरापूर्वीचं आणि नंतरचं रक्त तपासलं गेलं. गोवरानंतर त्यांची इतर आजारांविरुद्धची प्रतिपिंडं ११ ते ७३ टक्क्यांनी घटलेली होती. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडी परिसरात गोवर पसरला, तेव्हा पुरळ गेलं म्हणजे संकट टळलं असं मानणाऱ्यांना हे सांगायला हवं होतं. अशा मुलाचा नंतरचा न्यूमोनिया हा मागच्या महिन्यातल्या गोवराचाच भाग असू शकतो.

मग जिथं कुणाकडंच आठवण नव्हती, त्या कोविडमध्ये माणसामाणसांत एवढा फरक का पडला? इथं पहिल्या काही तासांकडं पाहावं लागतं. १९५७ मध्ये लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडेनमान या शास्त्रज्ञांनी इंटरफेरॉन शोधलं. विषाणू शिरलेली पेशी हे रेणू सोडते आणि आजूबाजूच्या पेशी सावध होतात. प्रतिपिंडं तयार व्हायला दिवस लागतात. इंटरफेरॉन काही तासांत कामाला लागतं. ते वेळेवर आलं तर आजार नाकाघशातच संपतो. ते आलंच नाही, तर विषाणू फुप्फुसात बस्तान बसवतो आणि मग उशिरानं जागं झालेलं शरीर आंधळेपणानं सगळंच झोडपू लागतं.

२०२० मध्ये नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी सख्ख्या भावांच्या दोन जोड्यांबद्दल लिहिलं. चौघेही तरुण, पूर्वी कसलाही आजार नसलेले, आणि चौघांनाही व्हेंटिलेटर लागला. एक गेला. चौघांच्या एक्स गुणसूत्रावरच्या टीएलआर-७ या जनुकात दोष सापडला. विषाणूची चाहूल घेऊन इंटरफेरॉनची हाक देणं हे त्या जनुकाचं काम. स्त्रियांकडं एक्स गुणसूत्रं दोन असतात, पुरुषांकडं एक. म्हणून असा दोष मुलग्यांना उघडं पाडतो. या भावांचं कुठं चुकलं होतं?

त्याच वर्षी संशोधक जाँ-लोराँ काझानोव्हा यांच्या गटानं आणखी धक्कादायक गोष्ट मांडली. कोविडनं अत्यवस्थ झालेल्या ९८७ रुग्णांपैकी १०१ जणांच्या रक्तात त्यांच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडं होती. त्या १०१ पैकी ९५ पुरुष होते. सौम्य किंवा लक्षणविरहित संसर्ग झालेल्या ६६३ जणांत असा एकही माणूस सापडला नाही. पुढं हजारो निरोगी लोकांचं साथीपूर्वीचं रक्त तपासलं, तेव्हा सत्तरीनंतर अशी प्रतिपिंडं सुमारे चार टक्के लोकांत आढळली. कोविडच्या मृत्यूंपैकी सुमारे वीस टक्क्यांच्या मुळाशी ती असावीत, असा त्या संशोधकांचा अंदाज आहे. ज्या आजोबांनी आयुष्यभर पहाटे फिरायला जाण्याचा नेम चुकवला नाही, त्यांच्याही रक्तात हे शांतपणे तयार झालेलं असू शकतं.

इंटरफेरॉनच्या या गोष्टीत वेळ किती मोलाची आहे, ते उपचारांतही दिसलं. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीनं दाखवलं, की व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना डेक्सामेथासोन हे स्वस्त स्टेरॉइड दिल्यानं मृत्यू एक तृतीयांशानं घटतात. ज्यांना प्राणवायू लागत नव्हता, त्यांना मात्र त्याचा काही उपयोग झाला नाही; उलट अपायाची शंका दिसली. तेच औषध, तोच आजार. उशिराच्या टप्प्यात शरीराचा अतिरेक आवरायचा असतो, पहिल्या टप्प्यात शरीराला काम करू द्यायचं असतं. हे लक्षात न घेता २०२१ मध्ये आपल्याकडं पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून घरोघरी स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या गेल्या. मधुमेहींची साखर उसळली आणि महाराष्ट्रात म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजारानं किती जणांचे डोळे, टाळू, जबडे घेतले, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. माझ्या मते त्या वर्षातली ती सर्वांत टाळता येण्याजोगी हानी होती.

म्हणजे सारा खेळ जनुकांचाच का? तसंही नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात २१० जुळ्या व्यक्तींवर झालेल्या अभ्यासात रोगप्रतिकार यंत्रणेची दोनशेहून अधिक मापं घेतली गेली. त्यांतल्या ७७ टक्के मापांवर अनुवंशापेक्षा आयुष्यात घडलेल्या गोष्टींचा पगडा जास्त होता. हुबेहूब जुळ्यांपैकी एकाला सायटोमेगॅलो विषाणूचा संसर्ग झालेला आणि दुसऱ्याला नाही, तर निम्म्याहून जास्त मापांत दोघं वेगळी पडत. हा विषाणू सहसा काहीच त्रास देत नाही. भारतात बहुतेक प्रौढांच्या शरीरात तो मुक्काम ठोकून असतो. गुपचूप येऊन राहिलेला पाहुणाही घराची घडी बदलतो. म्हणून युरोप-अमेरिकेतल्या लोकांवर बेतलेलं मोजमाप आपल्याकडं जसंच्या तसं लावता येत नाही. इथल्या माणसांचे अभ्यास इथंच व्हायला हवेत.

हे लसीच्या बाबतीत फार निकडीचं आहे. फिलिपिन्समध्ये एप्रिल २०१६ पासून डेंग्यूची पहिली परवानाप्राप्त लस आठ लाखांहून अधिक शाळकरी मुलांना दिली गेली. नोव्हेंबर २०१७ मध्ये लस बनवणाऱ्या कंपनीनंच जाहीर केलं, की ज्यांना पूर्वी डेंग्यू झालेला नाही त्यांना ही लस पुढच्या संसर्गात जास्त गंभीर आजाराकडं नेऊ शकते. शरीराच्या दृष्टीनं ती लस म्हणजे पहिला डेंग्यू ठरली होती. ज्यांना तो आधीच झाला होता, त्यांना तिचा फायदाच होत होता. पण सगळ्या मुलांना एकाच मापानं मोजलं गेलं होतं. लशी महत्त्वाच्या आहेत यावर ठाम विश्वास असणारे लोक त्या देशात २०१५ मध्ये ९३ टक्के होते, २०१८ मध्ये ३२ टक्के उरले. २०१९ मध्ये तिथं गोवरानं थैमान घातलं.

भारतात चारही प्रकारांविरुद्धच्या ‘डेंगीऑल’ या लसीची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी १४ ऑगस्ट २०२४ रोजी रोहतकमध्ये सुरू झाली. १९ केंद्रांवर १०,३३५ निरोगी प्रौढ आणि दोन वर्षं पाठपुरावा, असा तिचा आराखडा आहे. लोक मला विचारतात, कोविडची लस वर्षभरात आली, मग हिला एवढा वेळ का? वेळ यासाठी, की डेंग्यूच्या लसीची परीक्षा टोचल्यानंतरच्या महिन्यात होत नाही. ती पुढच्या पावसाळ्यांत, खरा विषाणू भेटल्यावर होते. तिच्या परिणामकारकतेविषयी वर्तमानपत्रांत बहुधा एकच टक्केवारी छापली जाईल. तुम्ही निदान दोन मागा : ज्यांना लसीपूर्वी डेंग्यू होऊन गेला होता त्यांची वेगळी, आणि ज्यांना तो कधीच झाला नव्हता त्यांची वेगळी. आणि चारही प्रकारांचा हिशेब स्वतंत्र मागा. ते आकडे हातात येईपर्यंत आपल्या मुलांचं रक्षण पाण्याच्या टाक्या, कुंड्यांखालच्या थाळ्या आणि बांधकामांवरची डबकी यांच्यापाशीच करावं लागणार आहे, आणि ते काम कुणा एकाच्या प्रतिकारशक्तीवर सोडता येणार नाही. ते नगरपालिकेचं आणि आपल्या सगळ्यांचं आहे.